धर्मग्रामाचा मदतगट उभा करताना: कामाच्या नोंदी

आर्थिक ओढाताणीत सापडलेल्या शेजाऱ्यांसाठी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, मदतगट सुरू केला, तेव्हापासून ठेवलेल्या या नोंदी. दुसऱ्या कुणाला हेच काम हातात घ्यायचं असेल तर आमच्यासारखा वेळ जाऊ नये, एवढ्यासाठी इथे देत आहोत. कुणाचं घर ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही. नावं आणि रकमा मुळातच गाळल्या आहेत, काही तपशील बदलले आहेत.

२ जून

रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेनंतर, फादरांनी बैठक बोलावली. आतापर्यंत अडलेला माणूस थेट फादरांकडे जायचा आणि फादर दानपेटीतून किंवा स्वतःच्या खिशातून काहीतरी द्यायचे. नोंद कुठेच नाही. फादर बाहेरगावी असले की माणूस तसाच परत. जे चार वेळा यायला कचरत नाहीत त्यांना मिळत होतं, ज्यांना एकदाही येववत नाही ते राहून जात होते.

पहिला वाद मदत कोणाला करायची यावर झाला आणि त्यातच बराच वेळ गेला. काहींचं म्हणणं, आधी आपल्या घरांना पुरेल एवढं तरी जमू दे. शेवटी फादर म्हणाले, "हद्दीत राहतो तो शेजारी. तो मिस्सेला येतो का, हे विचारायचं नाही." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकलं. पुढे प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला आधी तेच वाचायला दिलं.

पद्धत आम्ही नव्याने शोधली नाही. पॅरिसमध्ये २३ एप्रिल १८३३ रोजी फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे विद्यार्थी मित्र जमले आणि त्यातून गरिबांना मदत करणारी संत विन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. ओझानामचा त्या दिवशी विसावा वाढदिवस होता. गरिबाला कसं भेटायचं, हे त्या मुलांना सिस्टर रोझाली रांद्यू यांनी शिकवलं. त्यांनी मुलांना थेट वस्तीतल्या घरी पाठवलं. आमचा गट त्या सोसायटीचा भाग नाही, पण मदत मागणाऱ्याला चर्चमध्ये न बोलावता आपण त्याच्या घरी जायचं, हा मुख्य नियम तिथूनच घेतला.

९ जून

फॉर्म तयार केला. दोन पानी. उत्पन्नाचा दाखला, कुटुंबातल्या सगळ्यांची माहिती, आधी कुठून मदत घेतली, अडचण का आली ते "थोडक्यात लिहा". खाली सही. गठ्ठाभर छापून आणला.

२३ जून

गठ्ठा रद्दीत टाकायची वेळ आली. फॉर्म नेलेल्यांपैकी बहुतेक परत आलेच नाहीत. एका ताईंनी कोराच परत केला. म्हणाल्या, "एवढं सगळं लिहून द्यायचं, मग ते कोण कोण वाचणार?" या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आता कागद एकच, तोही आमच्याच हातात. त्यावर तीन गोष्टी: येत्या पंधरवड्यात कोणते पैसे भरायचे आहेत, कोणाला, आणि नाही भरले तर काय होईल. बाकीचं बोलण्यात आपोआप येतं. नाही आलं तर त्या दिवशी ते लागत नव्हतं, असं समजायचं.

फोनचाही घोळ निस्तरला. सुरुवातीला चर्चच्या सूचनाफलकावर एका स्वयंसेवकाचा स्वतःचा नंबर लावला होता. त्याला रात्री-अपरात्री फोन यायला लागले आणि त्याच्या घरातलं कुणी उचललं की समोरचा गप्प बसायचा. वेगळं सिम घेतलं. फोन आणि वही दर आठवड्याला पुढच्या माणसाकडे जाते. फोन ठराविक वेळेतच उचलायचा आणि ती वेळ फलकावर ठळक लिहायची. हे अगदी पहिल्या दिवशी करून टाका.

७ जुलै

गृहभेटी सुरू झाल्या. नेहमी दोघांनी जायचं, एकट्याने कधीच नाही. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि लागेल तेवढंच टिपून घ्यायचं. जोडीत शक्यतो एक बाई असावी. त्याच गल्लीतला किंवा त्याच इमारतीतला स्वयंसेवक त्या घरी पाठवायचा नाही. जाण्याआधी फोन करून वेळ विचारायची आणि दारात उभं राहून चर्चचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही.

आजची एक भेट लिहून ठेवते. बाईंनी कपाटावरून एक पिशवी काढली. आत वीजबिलं, शाळेच्या फीच्या नोटिसा, कर्जाच्या हप्त्यांची पत्रं. निम्मी पाकिटं फोडलेलीच नव्हती. "फोडलं की झोप जाते," त्या म्हणाल्या. माझ्या जोडीदाराने त्यांना विचारून एकेक पाकीट उघडलं आणि मी कागदावर रकाने आखले: देणं कोणाचं, किती, तारीख, व्याज, आणि थकलं तर काय होणार. सगळं मांडल्यावर दिसलं, की त्यांना सगळ्यात जास्त धाक ज्या देण्याचा होता ते थांबू शकत होतं. त्या कर्जाचा वसुलीवाला रोज फोन करायचा, म्हणून हातात येतील ते पैसे आधी त्याला जात होते. वीज मात्र चार दिवसांत तोडली जाणार होती आणि ती रक्कम यादीतली सगळ्यात लहान होती.

तेव्हापासून क्रम ठरला. आधी डोक्यावरचं छप्पर, वीज-पाणी आणि चालू औषधं. मग मुलांची शाळा. तारण नसलेली कर्जं शेवटी, मग वसुलीवाला कितीही ओरडो. कर्ज फेडून टाकणं हे आपल्या निधीचं काम नाही, तेवढा पैसा कधीच नसतो. अशा घराला कर्जाच्या कामातल्या जाणकार सल्लागाराकडे न्यायचं आणि तोवर घर चालतं ठेवायचं.

२१ जुलै

त्या वीजबिलाला उशीर झाला. भेट झाली होती, कागद तयार होता, पण मंजुरी महिन्याच्या बैठकीत द्यायची असं आमचंच ठरलेलं. खजिनदारांनी नियम पाळला, आम्हीही पाळला. वीज गेली. नंतर पूर्ण थकबाकी भरावी लागली आणि पुन्हा जोडणीचा आकार वेगळा. वेळेवर दिलं असतं तर याहून कमी लागलं असतं.

नियम बदलला. ठराविक मर्यादेपर्यंतची रक्कम भेटीला गेलेली जोडी स्वतः ठरवते, खजिनदारांना फोन करते आणि दोन दिवसांत देते. बैठकीत फक्त हिशेब सांगायचा. मर्यादेपलीकडचं असेल तर जोडी, खजिनदार आणि फादर एवढ्यांनीच ठरवायचं. मागणाऱ्याला बैठकीसमोर बोलवायचं नाही.

"दोघांच्या सांगण्यावर पैसे द्यायचे?" ही शंका रास्त आहे. पण पाकिटं समोर बसून ज्यांनी पाहिली तेच दोघे आहेत. बाकीचे दहा जण त्यांच्याच तोंडून ऐकणार आणि त्यासाठी त्या घराची कहाणी आणखी दहा माणसांना कळणार.

४ ऑगस्ट

घरभाडं. पैसे दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून थेट घरमालकाला द्यायचे, असं ठरवलं होतं. दोन घरांच्या बाबतीत तसंच केलं. एका घरमालकाने भरल्या जिन्यात भाडेकरूला ऐकवलं, "आता चर्च भरतंय ना तुमचं भाडं?" पैसे नेमके पोचले आणि त्या माणसाची इमारतीतली पत गेली.

मग चेक भाडेकरूच्या हातात द्यायचा, म्हणजे तो स्वतः नेऊन देईल, असं ठरलं. त्या चेकवर निधीचं नाव छापलेलं होतं. हे आमच्या लक्षात आलं नाही, भाडेकरूने बोट ठेवून दाखवलं.

आता भेटीतच विचारतो, "पैसे आम्ही परस्पर भरू की तुमच्याकडे देऊ?" बहुतेक जण म्हणतात, आमच्याकडे द्या. देतो. पावती नंतर पाहायला मिळाली तर बरं, एवढंच सांगतो. काही वेळा पैसे दुसरीकडे गेले. एका घरी भाड्याच्या पैशांतून औषध आणलं होतं. ते औषध आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही दिलंच असतं, पण एका वेळी दोन गोष्टी मागायचा त्यांना संकोच वाटला. म्हणून जोडीने निघताना एक प्रश्न विचारायचा: "आणखी काही अडलंय का?" हा प्रश्न गडबडीत विचारू नका. उत्तर बऱ्याचदा दाराशी मिळतं.

१८ ऑगस्ट

सभागृहाबाहेर किराण्याचं वाटप. पिशव्या भरायला उत्साहाने खूप लोक आले, रांगही लागली. ज्या घरांसाठी हे सगळं केलं, त्यांतलं रांगेत जवळजवळ कुणी नव्हतं. मिस्सेला आलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोण उभं राहील? उरलेल्या पिशव्या संध्याकाळी घरोघर पोचवल्या. पिशव्यांवर धर्मग्रामाचं बोधचिन्ह होतं, तेही पुढच्या वेळी काढलं.

वाटप बंद केलं. लागेल त्या घरी साध्या पिशवीतून किराणा जातो, नाहीतर तेवढे पैसे देतो. पैसे दिले की घरात कुणाला काय चालतं, काय संपलंय, हे त्या घरची माणसं बघतात. ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

८ सप्टेंबर

गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एका स्वयंसेवकाने निरोप टाकला: अमुक यांच्याकडे आज कोण जाऊ शकेल? पूर्ण नाव, मजला, अडचण. हेतू चांगलाच होता. पण गटात त्या घरच्या बाईंची चुलतबहीण होती आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं. निरोप पुसला, तोवर वाचून झाला होता. त्या बाई पुढे महिनाभर मिस्सेला आल्या नाहीत. मी आणि फादर जाऊन भेटलो, माफी मागितली. त्यांनी चहा विचारला, त्या विषयावर मात्र एक शब्द बोलल्या नाहीत.

आता प्रत्येक घराला क्रमांक आहे. क्रमांक आणि नाव जुळवणारी वही एकच, ती कुलपात असते. मोबाइलवर नाव, पत्ता, फोटो काहीही नाही. नव्या स्वयंसेवकाकडून लेखी हमी घेतो: नवरा-बायकोतही या घरांबद्दल बोलायचं नाही. हे पाळता येणार नाही असं दोघांनी प्रामाणिकपणे सांगितलं. ते आता हिशेब आणि सामान बघतात आणि फार नेटकं बघतात.

२७ सप्टेंबर

संत विन्सेंट डी पॉल यांचा सण. छोटी प्रार्थना केली आणि चार महिन्यांचा आढावा घेतला. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय ६ वाचला. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात डावलल्या जातात, ही तक्रार आणि त्यावर नेमलेले सात जण. तक्रार करणाऱ्यांना कुणी दटावलं नाही, कामाची व्यवस्था बदलली. आमच्या कामाची तक्रार कुणाकडे करायची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता फलकावर फोन नंबरच्या खाली गटाबाहेरच्या एका ज्येष्ठ व्यक्तीचा नंबर आहे.

१३ ऑक्टोबर

बिनव्याजी उसने पैसे. ही कल्पना मला स्वतःला फार आवडली होती. दान घेतल्यासारखं वाटू नये, परतफेड झाली की पैसे दुसऱ्याला मिळावेत. काही जणांना दिले, हप्ते लिहून घेतले.

हप्ता चुकला की माणूस चर्चमध्ये यायचा थांबतो. रविवारी खजिनदार दिसले की लोक दुसऱ्या दाराने बाहेर पडायला लागले. एक काका वर्षानुवर्षं मिस्सेत बायबलचं वाचन करायचे, त्यांनी वाचनाची पाळी सोडली. आम्ही कधी तगादा लावला नव्हता. त्याची गरजच नव्हती, आमचं नुसतं दिसणंच तगादा झालं होतं. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात सांगितलंय, की शेजाऱ्याला उसनं दिलंस तर तारण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा. आम्ही तर गृहभेटीच्या निमित्ताने आधीच घरात बसलेलो होतो. एकाच माणसाने भेटीलाही जायचं आणि वसुलीही करायची, हे जमणारं नाही.

सगळे उसने पैसे मदतीत बदलले आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं: हिशेब मिटला. कधी जमलं आणि द्यावंसं वाटलं तर दानपेटीत टाका, आम्हाला कळवू नका. निधीला खड्डा पडला. खजिनदार नाराज होते, त्यांचंही खोटं नव्हतं. काका पुन्हा वाचायला लागलेत.

३ नोव्हेंबर

ही नोंद मी सगळ्यांत महत्त्वाची मानते. परीक्षांमुळे आणि बदल्यांमुळे जोड्या बदलल्या. नवी जोडी एका आजींकडे गेली आणि पहिल्यापासून विचारायला लागली: घरात कोण कोण, मुलगा काय करतो, तो पैसे का पाठवत नाही. आजी म्हणाल्या, "हे सगळं मागे सांगितलंय मी. पुन्हा सांगू?" आणि त्यांनी पुन्हा सांगितलं, कारण मदत हवी होती. नवी जोडी परत आली तेव्हा त्यांचे चेहरे उतरले होते.

मागच्या नोंदी काढून वाचल्या. दोन पानी फॉर्म, महिन्याची बैठक, घरमालकाला गेलेले पैसे, व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप. प्रत्येक ठिकाणी माणसाला आपली अडचण एकदा जास्त सांगावी लागली, किंवा त्याच्या वतीने आम्हीच ती सांगितली. पैसे कमी पडले म्हणून कुणी दुरावलं नाही, दुरावले ते यामुळे. यापुढे कोणताही नवा नियम आला की आधी एवढंच बघायचं: यामुळे त्यांना पुन्हा सांगावं लागेल का?

जोडी बदलताना एक जण जुना राहतो. तेही शक्य नसेल तर जुनी जोडी घरच्यांची परवानगी घेऊन नव्यांना सोबत नेते, आणि पुन्हा काय विचारायचं नाही हे वाटेत सांगते.

१७ नोव्हेंबर

गरिबांचा जागतिक दिन. पोप फ्रान्सिस यांनी २०१६मध्ये जाहीर केला, २०१७पासून पाळला जातो. मिस्सेत दुसरी वर्गणी फिरवली, चांगली जमली. एका देणगीदाराने मोठी रक्कम देऊ केली, फक्त मदत देतानाचे फोटो हवे होते. नाही म्हणालो. त्यांना आकड्यांचा अहवाल दाखवला: किती घरं, कशासाठी, किती गेले, किती उरले. त्यांनी थोडी कमी रक्कम दिली, पण दिली. तो अहवाल आता फलकावरच लावतो.

एकदाच मिळणाऱ्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा ठरलेली लहान वर्गणी या कामाला जास्त उपयोगी पडते. पुढच्या महिन्यात किती येणार हे माहीत असेल तरच जोडीला दारात शब्द देता येतो.

८ डिसेंबर

हिशेब. खात्यावर दोन सह्या, आणि भेटीला जाणाऱ्यांपैकी कुणाची सही चालत नाही. दानपेटी दोघांनी मिळून उघडायची, तिथेच मोजून वहीत लिहायचं. काहींना हा अविश्वास वाटला. मी बायबलमधल्या 'करिंथकरांस दुसरे पत्र' याचा आठवा अध्याय दाखवला. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना प्रेषित पौलाने तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर आणखी माणसं पाठवली, कारण एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. पौलाला जे लागलं ते आम्हालाही लागेल. विषय तिथेच संपला.

१२ जानेवारी

"हे घर पुन्हा आलंय. सवय लागेल त्यांना." हे बैठकीत ऐकू येणारच, तयारी ठेवा.

जोडीने तारखा काढल्या. मागणी दर वेळी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आलेली, रक्कमही जवळपास तीच. घरात एकाला कायमचं औषध चालू आहे आणि कमाई तेवढीच कमी पडते. ही सवय नाही, तूट आहे. ती दर महिन्याला तेवढीच असणार, मग दर महिन्याला मागायला का लावायचं? सहा महिन्यांसाठी ठरलेली रक्कम महिन्याच्या २५ तारखेला आपणहून पोचवायची, असं ठरलं. सहा महिन्यांनी परिस्थिती बघू. तोवर सरकारी आरोग्ययोजनेचे कागद करून द्यायचे. त्यासाठी एक निवृत्त कारकून काका मिळालेत. त्यांना अर्ज भरायचा कंटाळा नाही आणि खिडकीसमोर उभं राहायचाही नाही. गटात अशी एक व्यक्ती आधीच शोधून ठेवा, निधीपेक्षा तिचा उपयोग जास्त दिवस टिकतो.

९ फेब्रुवारी

स्वयंसेवक थकलेत. काही जण न सांगता यायचे थांबले. भेटीत ऐकलेलं कुणाशी बोलायचं नाही हा नियम बरोबरच आहे, पण ते ओझं घेऊन घरी जायचं आणि गप्प राहायचं, हे जड जातं. आता महिन्यातून एकदा जोड्या फादरांसोबत बसतात. क्रमांकाने सुद्धा घराचा उल्लेख नाही, फक्त आपल्याला काय वाटलं तेवढं बोलायचं.

आणखी एक गोष्ट शिकवावी लागते: "काळजी करू नका, आम्ही आहोत ना, सगळं होईल" असं दारात म्हणायचं नाही. आपण सगळं करू शकत नाही आणि तो माणूस त्या शब्दावर विसंबतो. काय देता येईल, कधीपर्यंत, आणि काय देता येणार नाही, एवढं सांगून निघायचं. नाही म्हणायचं असेल तर तेही त्याच जोडीने, त्याच घरी जाऊन, दोन दिवसांच्या आत.

पुढची कामं: ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी भेटीसाठी आणखी जोड्या तयार करणं, सहा महिन्यांच्या मदतीसाठी निधीचा वेगळा भाग बाजूला काढणं, आणि ज्या घरांशी संपर्क तुटला त्यांच्याकडे कुणी, केव्हा जायचं ते फादरांशी बोलून ठरवणं. रकान्यांचा कागद ज्यांना हवा आहे त्यांनी वर ७ जुलैच्या नोंदीत पाहावा. तेवढेच पाच रकाने आहेत, सहावा वाढवू नका.